अनुक्ताचे मूल्य : जमिनीच्या नोंदवहीपासून जावाच्या सत्रापर्यंत

१

ज्या गोष्टीविषयी कोणी काहीच सांगितलेले नाही, तिच्याविषयी नोंदवहीत काय लिहावे, हा प्रश्न प्रत्येक नोंदवहीपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. रकाना कोरा ठेवता येतो, किंवा काही गृहीत धरून तो भरता येतो. संगणकावर काम करणारी मंडळी अशा गृहीत मूल्यास 'डिफॉल्ट' म्हणतात. संकेतस्थळाशी एका व्यक्तीचा जो अखंड व्यवहार चालतो त्यास ती 'सेशन' म्हणतात. प्रस्तुत लेखात या दोहोंस अनुक्रमे 'गृहीत मूल्य' आणि 'सत्र' असे म्हटले आहे. जावा या भाषेत रचलेल्या आणि एकाच वेळी अनेकांनी वापरावयाच्या उपयोजनांत प्रत्येकाच्या सत्रासाठी गृहीत मूल्ये कोठे ठेवावीत, याचा गेल्या सुमारे तीस वर्षांचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

हा इतिहास केवळ यंत्रविद्येचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या जमिनीच्या कागदपत्रांत हाच प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी उपस्थित झाला होता. त्याच्या उत्तरावर तेथील कुळांची शेते अवलंबून होती. आज त्याच तालुक्यांतील नागरिक दाखल्यांसाठी संगणकाच्या पडद्यापुढे येतो, तेव्हा तो प्रश्न नव्या वेषात त्याच्यापुढे उभा राहतो. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : गृहीत धरणे अपरिहार्य आहे, परंतु गृहीत धरलेले हे सांगितलेल्यासारखे लिहून ठेवणे अपरिहार्य नाही. या दोहोंतील भेद ज्या नोंदवहीत पुसला जातो तेथे न बोलणाऱ्याचे नुकसान होते.

२

व्याकरणाच्या अभ्यासकास ही कल्पना नवी नाही. पाणिनीय परंपरेत सामान्य नियमास उत्सर्ग आणि विशेष नियमास अपवाद म्हणतात. अपवाद जेथे लागू होतो तेथे उत्सर्ग मागे सरतो, उर्वरित सर्व क्षेत्र उत्सर्गाचे राहते. एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारता चालू राहते, ती अनुवृत्ती. प्रथमपुरुषाची योजनाही तेथे शेष म्हणूनच केलेली आहे : मध्यम व उत्तम पुरुषांची स्थळे सांगून झाल्यावर जे उरेल ते प्रथमपुरुषाचे.

मराठीत याचे अगदी घरगुती उदाहरण भावे प्रयोगात सापडते. 'तलाठ्याने शेतकरणीस बोलावले' या वाक्यात कर्ता पुल्लिंगी आहे आणि कर्म स्त्रीलिंगी आहे, परंतु दोघांनाही प्रत्यय लागलेले असल्याने क्रियापद कोणाचेच अनुसरण करू शकत नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनी होते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून हे आपण शिकत आलो आहोत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'बोलावले' हे रूप पाहून तलाठी वा शेतकरीण नपुंसकलिंगी आहे असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. रूप गृहीत आहे, वस्तुस्थितीचे कथन नव्हे, हे ऐकणारा जाणतो. भाषेला हा विवेक उपजत असतो, नोंदवहीला तो शिकवावा लागतो.

३

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत आली. पुढे ती १८७९ च्या जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाली. हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अथवा तिच्या जागी कायदेशीरपणे दुसरी नोंद होईपर्यंत, खरी मानावी असे तत्त्व त्या संहितेत होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ मध्ये ते आजही आहे. म्हणजे सातबारावरील नोंद हेच एक गृहीतक आहे, आणि ते खोडून काढण्याची वाटही कायद्यानेच दाखवून ठेवलेली आहे.

याहून व्यापक गृहीतक १ एप्रिल १९५७ रोजी अमलात आले. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ यात १९५६ साली झालेल्या सुधारणेनुसार त्या दिवशी, म्हणजे कृषकदिनी, कायद्यातील अटींत बसणाऱ्या प्रत्येक कुळाने आपण कसत असलेली जमीन खरेदी केली आहे असे मानण्यात आले. कुळाने अर्ज करावयाचा नव्हता, मालकाची संमती मिळवावयाची नव्हती. शासनाने एका विशाल नोंदवहीतील एक गृहीत मूल्य एका रात्रीत बदलले. ठाणे जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात असल्याने शहापूर व मुरबाड येथील कुळांनाही ते लागू झाले. ही योजना घटनाबाह्य असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने श्रीराम राम नारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात फेटाळला.

परंतु याच कायद्यात दुसरेही एक गृहीतक होते. खरेदीची किंमत ठरविण्यासाठी कलम ३२-जी अन्वये न्यायाधिकरणाने कुळास बोलवावयाचे होते. कूळ हजर राहिले नाही, अथवा 'मला जमीन घ्यावयाची नाही' असे त्याने सांगितले, तर दोन्ही प्रसंगी आदेश एकच : कूळ खरेदीस राजी नाही, सबब खरेदी निष्फळ. न आलेला आणि नको म्हणालेला हे दोघे एका शब्दात नोंदले गेले. गैरहजेरीत झालेल्या आदेशाचे पुनर्विलोकन मागण्यास ६० दिवसांची मुदत होती. माळशेजच्या पायथ्याच्या किंवा कसाऱ्याकडील डोंगराळ पाड्यावरून, भातलावणीच्या दिवसांत, तालुक्याच्या कचेरीत येणे म्हणजे काय, याची कल्पना या भागाचा नकाशा पाहणाऱ्यासही करता येईल. अखेर १९६५ साली कलम ३२-पीपी घालून, ज्यांची खरेदी अशा रीतीने निष्फळ ठरली होती त्या कुळांना आणखी एक संधी देण्यात आली. मौनास नकार मानण्यात काहीतरी चुकले होते याची ही विधिमंडळाने दिलेली कबुलीच म्हणावी लागेल.

येथील भेद भाषेच्या अंगाने असा मांडता येईल. फेरफाराच्या प्रकरणी 'हरकत नाही' आणि 'हरकत आली नाही' ही दोन वाक्ये व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. पहिले वाक्य माणसाच्या मनाविषयी आहे, दुसरे कचेरीच्या वहीविषयी. पहिल्यास बोलणारा लागतो, दुसऱ्यास केवळ मुदत संपावी लागते. पुढील सर्व विवेचन या दोन वाक्यांतील अंतराविषयी आहे.

४

आता संगणकाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ नंतरच्या काळात सर्न या संस्थेत महाजालाची रचना केली, तेव्हा ज्या नियमांनी पृष्ठे मागवावयाची त्या एचटीटीपी नियमांत स्मृतीला स्थान नव्हते. प्रत्येक विनंती स्वतंत्र असे. एक पृष्ठ मागणारा आणि क्षणभराने दुसरे मागणारा हा एकच मनुष्य आहे, हे देणाऱ्या यंत्रास कळत नसे. ग्रंथालयातून कागद मागविण्यापुरते हे पुरेसे होते. अर्ज भरण्याच्या कामी ते अपुरे पडले. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 'कुकी' नावाची युक्ती काढली : यंत्राने वापरणाऱ्याच्या न्याहाळकाजवळ एक लहानशी खूण ठेवावी आणि न्याहाळकाने ती प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवावी.

जावा ही भाषा सन कंपनीने १९९५ साली जाहीर केली. सर्व्हलेट या तिच्या अंगाची पहिली आवृत्ती १९९७ साली आली. कुकीतील खुणेच्या आधाराने सत्र नावाची एक पेटी यंत्राच्या स्मृतीत ठेवावयाची आणि तीत नाव व मूल्य अशा जोड्या ठेवावयाच्या, ही त्यातील सोय. पेटीत नसलेले नाव विचारले तर जावा 'नल' असे उत्तर देते. 'नल' म्हणजे 'हरकत आली नाही' या जातीचे उत्तर होय. कोणी काही सांगितलेले नाही, एवढेच ते सांगते.

परंतु कार्यक्रम लिहिणाऱ्यास 'नल' अडचणीचा वाटतो. भाषा कोणती, जिल्हा कोणता, एका पृष्ठावर किती ओळी दाखवावयाच्या, यांचे काही ना काही उत्तर त्यास प्रत्येक पृष्ठावर हवे असते. मग सत्र उघडताक्षणी पेटीत सर्व गृहीत मूल्ये भरून ठेवावीत, म्हणजे पुढे प्रश्नच उरणार नाही, असा विचार स्वाभाविकपणे पुढे आला. सर्व्हलेटच्या २.३ या आवृत्तीने (२००१) त्यासाठी दोन साधने दिली. एक श्रोता, म्हणजे सत्र निर्माण झाल्याची वार्ता मिळताच चालणारा भाग. दुसरी गाळणी, म्हणजे प्रत्येक विनंती जिच्यातून जाते तो भाग.

या दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे. श्रोत्यास केवळ सत्र दिसते, विनंती दिसत नाही. कोण आला आहे, त्याच्या न्याहाळकाने कोणती भाषा मागितली आहे, यांपैकी त्यास काहीही ठाऊक नसते. म्हणून त्याने घातलेली मूल्ये सर्वांना सारखीच असणार. गाळणीस विनंती दिसते, त्यामुळे भाषेची निवड तेथे होऊ शकते. वापरणाऱ्याची ओळख पटल्यावर त्याच्या खात्यातील आवडनिवड लागू करणे हे तिसरे स्थळ. ज्या स्थळी जेवढे ज्ञान आहे तेवढेच मूल्य त्या स्थळी ठरवावे, हा विवेक येथून निघतो.

५

चौथे स्थळही आहे, आणि आमच्या मते तेच गृहीत मूल्यांचे खरे घर होय. १९९९ च्या २.२ या आवृत्तीने संपूर्ण उपयोजनास लागू होणारी मूल्ये लिहून ठेवण्यासाठी एक विवरणपत्र दिले. जावा सर्व्हर पेजेस या पद्धतीत एखादे नाव शोधावयाचे झाल्यास ते क्रमाने पृष्ठ, विनंती, सत्र आणि उपयोजन या चार ठिकाणी शोधले जाते, आणि जेथे प्रथम सापडेल तेथील मूल्य घेतले जाते. २००२ साली आलेल्या प्रमाणित चिन्हसंचाने भाषेच्या निवडीस हाच क्रम लावला. उपयोजनाच्या विवरणपत्रात मराठी लिहून ठेवावी, एखाद्याने इंग्रजी निवडल्यास ती त्याच्या सत्रात लिहावी.

उत्सर्ग आणि अपवाद यांचेच हे रूप आहे. उपयोजनातील मूल्य हा उत्सर्ग, सत्रातील मूल्य हा अपवाद. सत्रात कोणी काही लिहिले नाही तोवर उत्सर्ग अनुवृत्तीने चालू राहतो. या रचनेचा लाभ असा की, सत्राच्या पेटीत जे आहे ते कोणीतरी निवडलेले आहे, हे निश्चयाने म्हणता येते. उलट सत्र उघडतानाच सर्व पेटी भरून टाकली, तर 'मराठी' हे मूल्य नागरिकाने मागितले की कार्यक्रमाने घातले, हे नंतर कोणासही सांगता येत नाही. कूळ आले नाही की नको म्हणाले, हे जसे त्या आदेशावरून सांगता येत नव्हते, तसेच हे आहे.

६

गृहीत मूल्य चुकीचे असल्यास काय होते, याचा मराठीने घेतलेला अनुभव सांगितला पाहिजे. न्याहाळकाने अर्जातील मजकूर कोणत्या संकेतनात पाठविला हे सांगितले नाही, तर तो आयएसओ-८८५९-१ या, पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेल्या, संकेतनात आहे असे सर्व्हलेटच्या नियमांत गृहीत धरलेले होते. न्याहाळक बहुधा ते सांगत नसत. 'शहापूर' हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात १८ बाइटांचा होतो. प्रत्येक बाइट एक लॅटिन अक्षर मानल्याने त्याची १८ निरर्थक चिन्हे होत. गावाचे नाव बरोबर टंकलिखित करूनही कागदावर कचरा उमटे. २००१ च्या आवृत्तीत हे गृहीतक प्रत्येक विनंतीपुरते बदलण्याची सोय झाली. संपूर्ण उपयोजनासाठी ते एकाच ओळीत बदलण्याची सोय सर्व्हलेट ४.० मध्ये, २०१७ साली आली. खुद्द जावाने यूटीएफ-८ हे आपले गृहीत संकेतन मानले ते १८ व्या आवृत्तीत, २०२२ साली.

भाषेच्या निवडीचीही हीच कथा आहे. न्याहाळकाने भाषा कळविली नाही, तर सर्व्हलेट ज्या यंत्रावर चालते त्या यंत्राची भाषा वाचकाची भाषा मानली जाते. मागितलेल्या भाषेतील मजकूर उपलब्ध नसला, तर जावा प्रथम यंत्राच्या गृहीत भाषेतील मजकूर शोधते आणि तो नसल्यास मूळ मजकुराकडे जाते. म्हणजे मराठी मागणाऱ्यास काय मिळणार, हे दूरच्या यंत्राची जुळणी करणाऱ्याने कोणती भाषा ठेवली यावर ठरते. शिवाय ही गृहीत भाषा संपूर्ण आभासी यंत्रास एकच असते. एका वाचकासाठी ती बदलली तर त्याच क्षणी इतर सर्वांसाठी बदलते. सत्राचे काम यंत्राच्या पातळीवर करण्याची ही चूक पाठ्यपुस्तकी म्हणावी अशी आहे.

तारखा, अंक व महिन्यांची नावे यांची जी सामग्री जावाच्या स्वतःच्या भांडारात होती, तीत आठव्या आवृत्तीपर्यंत हिंदी होती, मराठी नव्हती. सीएलडीआर या सामायिक भांडारातील मराठी जावाच्या नवव्या आवृत्तीत, २०१७ साली, आपोआप उपलब्ध झाली. त्या भांडारात मराठीचे गृहीत अंक देवनागरी आहेत, हिंदीचे आंतरराष्ट्रीय. लिपी एक म्हणून मराठी वाचकास हिंदी गृहीत धरणाऱ्याने ही साधी गोष्ट लक्षात घ्यावी. आणि मराठीविषयी जे म्हटले तेच मराठीकडूनही घडू शकते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती आहे, आणि कातकरीस आयएसओ ६३९-३ या भाषासूचीत स्वतंत्र संकेत आहे. जेथे 'मराठी' हे मूल्य न विचारता भरले जाते, तेथे कातकरी बोलणारा मनुष्य कोणत्याही गणतीविना मराठीभाषी होतो. पडदा मराठीत दाखविणे योग्यच, त्याची भाषा मराठी म्हणून नोंदणे ही मात्र निराळी क्रिया आहे.

७

ग्रामीण भागात यास आणखी एक पदर आहे. सत्र माणसाचे असते असे आपण बोलतो, वस्तुतः ते न्याहाळकाचे असते. शहरी नागरिक आपल्या यंत्रावरून आपले काम करतो, तेव्हा हा भेद जाणवत नाही. तालुक्याच्या सेवाकेंद्रात चालक एक, न्याहाळक एक आणि समोर रांग असते. टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरमध्ये निष्क्रिय सत्र ३० मिनिटांनी संपते, हे त्याचे गृहीत मूल्य आहे. परंतु रांग चालू असता सत्र कधीच निष्क्रिय होत नाही. मागील अर्जदाराचा तालुका, गाव, प्रवर्ग ही मूल्ये पेटीत तशीच राहतील अशी रचना असेल, तर पुढील अर्जदाराच्या पडद्यावर ती आधीच भरलेली दिसतील. चालकाच्या दृष्टीने ही सोय होय. जो वाचू शकत नाही, अथवा ज्याला पडदा दिसतच नाही अशा जागी बसविलेले आहे, त्याच्या दृष्टीने दुसऱ्याने दिलेले उत्तर त्याच्या नावावर चढते. येथे आम्ही कोणा एका संकेतस्थळाविषयी बोलत नसून रचनेच्या या प्रकाराविषयी बोलत आहोत.

यावरील उपाय अवघड नाहीत. जिल्हा ठाणे आणि तालुका मुरबाड हे केंद्राचे गृहीतक होय. ते केंद्राच्या पातळीवर ठेवावे. अर्जदाराविषयीची मूल्ये नव्या अर्जासरशी पुसून टाकावीत. अर्ज कायमचा नोंदविताना प्रत्येक मूल्यासोबत ते सांगितलेले की गृहीत, याची खूण ठेवावी. हक्कनोंदीचे गृहीतक खोडता येते, कारण कोणत्या फेरफाराने नोंद झाली हे तेथे क्रमांकाने लिहिलेले असते. संगणकाच्या नोंदीस हा फेरफार क्रमांक नसेल, तर ती सातबाराहून कमी दर्जाची नोंदवही ठरेल.

८

हा प्रश्न आपल्या विभागाच्या दारापर्यंत आलेला आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार पीएच.डी. व एम.फिल. यांचे प्रबंध विद्युत स्वरूपात द्यावयाचे झाले. ते ज्या शोधगंगा भांडारात जातात ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने डीस्पेस या प्रणालीवर उभारलेले आहे. डीस्पेस ही एमआयटीची ग्रंथालये व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली जावामध्ये तयार केलेली प्रणाली. तिच्या मूळ जुळणीत पडद्याची गृहीत भाषा इंग्रजी आहे. नोंदीतील प्रत्येक मजकुरास, मग ते शीर्षक असो वा सारांश, भाषेची जी खूण जोडली जाते तिचे गृहीत मूल्य 'अमेरिकी इंग्रजी' असे आहे. ही जुळणी जेथे बदलली नसेल आणि नोंद करणाऱ्याने भाषा निवडली नसेल, तेथे ठाकरी बोलीवरील प्रबंधाचे देवनागरी शीर्षक अमेरिकी इंग्रजी म्हणून नोंदले जाईल. पडद्यावर ते शुद्ध मराठीच दिसेल, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येणार नाही. उद्या कोणी यंत्रास 'मराठीतील सर्व शीर्षके काढून दे' असे सांगेल, तेव्हा मात्र ते त्यांत नसेल. आणि त्या गणतीवरून मराठीत संशोधन किती झाले याचा हिशेब मांडला गेला, तर तो कमी भरेल. त्याचे कारण कोणी इंग्रजी निवडली हे नसेल. कोणी काहीच निवडले नाही, हे असेल.

विवरणपत्रातील ती ओळ बदलणे हे भांडाराच्या व्यवस्थापकाचे काम आहे, आणि ते काही मिनिटांचे आहे. प्रबंध दाखल करताना भाषेचा रकाना स्वतः भरणे हे संशोधकाचे काम आहे. आधी दाखल झालेल्या नोंदी काढून, त्यांतील कोणत्या उक्त आणि कोणत्या गृहीत हे निवडून वेगळे करणे, हे काम मात्र भाषेच्या विभागावाचून कोणास जमण्यासारखे नाही.